सामानापाशी बसून पाहिलेलं अंदमान

वडगाव रासाईत कुणी अंदमानला निघालं की आधी ठकूमामीकडं जाऊन यायचं, अशी पद्धतच पडून गेली होती. तिकीट काढून देणारा एजंट शिरूरला बसतो, चाकाच्या बॅगा दौंडच्या बाजारात मिळतात. पण त्या बेटावर सावली कुठं आहे, संडास कुठं स्वच्छ आहे आणि कुठल्या धक्क्यावरची कुत्री गरीब आहेत, हे सांगणारी बाई पंचक्रोशीत एकच. आणि गंमत अशी, की अंदमानात पाहण्यासारखं म्हणतात त्यातलं या बाईनं काहीही पाहिलेलं नव्हतं. ती गेली होती, आठवडाभर राहिली होती, आणि सगळा वेळ सामानापाशी बसली होती.

मी तिथल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका होते आणि मामीच्या घराच्या पुढच्या दोन खोल्यांत भाड्यानं राहत होते. त्यामुळे मामीच्या ओट्यावर चाललेला सगळा सल्ला मला घरबसल्या, फुकट आणि इच्छा नसताना ऐकू यायचा. मामीचा आवाजच तसा होता. तरुणपणी या डोंगरावरून त्या डोंगरावरच्या माणसाला हाका मारायची सवय. पुढं हातभर अंतरावर बसलेल्या माणसाशीही ती ओढ्यापलीकडच्या माणसाशी बोलावं तशीच बोलायची. आता माझी बदली पाबळकडं झालीय. शेजार अगदी शांत आहे, आणि खरं सांगते, मला करमत नाही.

ठकूमामी धनगराची. लग्न होऊन आली तेव्हा सासरी मेंढरं होती आणि घर घोड्याच्या पाठीवर होतं. दिवाळी झाली की घाट उतरून कोकणात जायचं, पावसाळ्याच्या तोंडाला परत वर यायचं. पुढं भीमेचं पाणी शेताला आलं, मेंढरं गेली, ऊस आला, मुलगा सुनील रांजणगावच्या एका कंपनीत लागला आणि गावात स्लॅबचं घर उभं राहिलं. सगळं बदललं, मामीची एक खोड तेवढी बदलली नाही. चार माणसं आणि एक पिशवी कुठंही निघाली, की मामीच्या लेखी तो वाडा असायचा. मेंढरांच्या मुक्कामाला धनगर लोक वाडा म्हणतात. पुरुष मेंढरं घेऊन चरायला जातात, बायका पुढं जाऊन घोड्यावरचं बिऱ्हाड उतरवतात, आणि त्या बिऱ्हाडापाशी एक बाई बसलीच पाहिजे, हा नियम. लग्नानंतरच्या पहिल्याच मुक्कामावर मामीच्या सासूनं तिला बसवलं आणि सांगितलं, "सामान सोडून उठायचं न्हाई." मामी हे सांगायची आणि वर म्हणायची, "सासू गेली बिचारी, पर 'ऊठ' म्हणायचं तिचं राहूनच गेलं बघा."

वाटेत जत्रा लागायच्या. सगळा वाडा जत्रेला जायचा आणि मामी सामानापाशी. तिनं आयुष्यात कितीतरी जत्रा नुसत्या ऐकल्या होत्या. अमक्या गावच्या जत्रेतला पाळणा लई करकरायचा, तमक्या गावच्या हलवायाचं तेल जुनं असायचं, हे ती इतक्या खात्रीनं सांगायची, की ऐकणाऱ्याला वाटावं, ही बाई पाळण्यात बसून जिलबीच खात होती.

सुनीलला कंपनीनं अंदमानची सहकुटुंब सहल दिली, तेव्हा तो आईवडील, बायको अश्विनी आणि मुलगी यांना घेऊन गेला. परत आल्यावर त्यानं मला मोबाईलमधले फोटो दाखवले. निळं पाणी, पांढरी वाळू, पाण्यात उड्या मारणारी मुलगी, धोतर गुडघ्यापर्यंत खोचून लाटेत उभे असलेले बिरूआप्पा, म्हणजे मामीचे यजमान. "आणि मामी?" मी विचारलं. सुनीलनं दोन बोटांनी फोटो मोठा केला. लांब, एका झाडाखाली, बॅगांच्या ढिगाशेजारी एक हिरवा ठिपका होता. पुढचा फोटो, दुसरा किनारा. पुन्हा ढीग, पुन्हा ठिपका. "आम्ही लई म्हणलो, बाई," अश्विनी म्हणाली, "पर आत्याबाई उठायलाच तयार न्हाईत. हाटेलात सामान ठिवू म्हणलं तरी न्हाई."

हॉटेलच्या खोलीला कुलूप असतं हे मामीला मान्य होतं. पण त्या कुलपाची दुसरी किल्ली खाली काउंटरवर टांगलेली असते, हेही तिनं पहिल्याच दिवशी पाहून ठेवलं होतं. त्यामुळे जिथं माणसं जातील तिथं बॅगा, आणि जिथं बॅगा तिथं मामी.

पण एका जागी बसून राहणाऱ्याला जे कळतं ते फिरणाऱ्याला कळत नाही. मामीचे सल्ले म्हणूनच इतके नामी असायचे. गावातला अक्षय लग्नानंतर पंधरा दिवसांत बायकोला घेऊन ओट्यावर आला, तो प्रसंग मी खिडकीतून पाहिला. दोघं अगदी नवी कोरी, तिच्या हातातला चुडा अजून वाजत होता. अक्षय लाजत म्हणाला, "मामी, आम्ही अंदमानला चाललोय."

"कोण कोण?"

"दोघंच."

मामीनं कपाळाला हात लावला. "दोघंच? मग सामानापाशी कोण बसणार?"

मामीला तो बेत मुळातच चुकलेला वाटत होता. थोडा विचार करून ती म्हणाली, "आसं कर, आईला घेऊन जा. तुझी आई बसंल सामानापाशी. गरीब हाय ती." नव्या नवरीनं नवऱ्याकडं असं काही पाहिलं, की मी तोंडात पदर कोंबला. हसू बाहेर ऐकू गेलं असतं.

आईचा प्रश्न लांबणीवर टाकून मामीनं मग बाकीचं सांगायला घेतलं. "तिथं दिस लवकर मावळतो. आपल्याकडं चहाची वेळ होती तवा तिथं दिवं लागत्यात. म्हंजी उठायचं बी लवकर. लोळत पडलात तर निम्मं बेट तसंच ऱ्हातं. होडीत बसायच्या आधी पोट फुगंस्तोवर खायचं न्हाई आन् उपाशी बी जायचं न्हाई. अर्धी भाकरी. बसायचं मधी. टोकाला बसलं की आतडं वर येतं. ओळखीचं कार्ड खरं न्यायचं, झेरॉक्स दाखवली की माघारी लावत्यात. वाळूत बारीक माश्या हायेत, दिसत न्हाईत पर चावत्यात, तवा पाय झाकून बसायचं. आन् चावल्या तर खाजवायचं न्हाई, पंधरा दिस जात न्हाई ते." नवरी आता लक्ष देऊन ऐकायला लागली होती. "शिंपलं उचलायचं न्हाई. विमानापाशी सगळं काढून घेत्यात. आमच्या नातीनं पर्स भरून आणलं व्हतं, रडली बिचारी. पाण्यात रंगीत दगडं हायेत, ती दगडं न्हाईत, जित्ती हायेत, पाय द्यायचा न्हाई. आन् समुद्र दुपारनं मागं सरतो, लोकांना वाटतं गेला. तो न सांगता माघारी येतो. वली वाळू जिथं संपती त्याच्या वर चपला ठिवायच्या."

इथवर सगळं सोळा आणे खरं होतं. मग नवरीनं धीर करून विचारलं, "मामी, तो मोठा बीच कसा आहे हो? फोटोत फार सुंदर दिसतो."

"तिथं कपडं बदलायच्या खोल्यांमागं एक झाड हाय," मामी म्हणाली. "दुपारी सावली फिरून रस्त्याकडं जाती. सकाळी बसा."

"आणि तो जुना तुरुंग?"

"भाईर सिमिटाची बाकडी हायेत. लई तापत्यात. टावेल टाकून बसा."

मामीच्या सल्ल्यानं नुकसान झालेलेही होते. दौंडचे जगतापकाका रेल्वेतून रिटायर होऊन सगळ्या कुटुंबाला घेऊन निघाले. मामीनं त्यांना सांगितलं, की बॅग हरवते ती एकटी असली तर. सगळ्या बॅगा एका दोरात ओवा. घोड्यावर बिऱ्हाड लादताना मारतात ती गाठ कशी मारायची, हे तिनं ओट्यावर दोन उशा आणि एक पोतं घेऊन त्यांना शिकवलं. काकांनी घरी जाऊन सराव केला आणि विमानतळावर सगळ्या बॅगा एका दोरात ओवून पट्ट्यावर ठेवल्या. पहिली बॅग तपासणीच्या यंत्रात गेली, दुसरी अडकली, बाकीच्या मागून तिच्यावर चढल्या आणि पट्टा बंद पडला. रांगेतले लोक बोलायला लागले. शिपायानं गाठ सोडायचा प्रयत्न केला, मग त्याच्या साहेबानं केला, शेवटी ब्लेड आणून दोर कापला. काका परत आल्यावर थेट ओट्यावर येऊन मामीला हे सगळं रागारागानं सांगू लागले. मामीनं शांतपणे ऐकून घेतलं.

"गाठ सुटली का?" तिनं विचारलं.

"न्हाई ना, तेच तर सांगतोय."

"मग?" मामी म्हणाली, आणि खरोखर वाईट वाटून पुढं म्हणाली, "दोर कापाया नको व्हता त्यांनी. चांगला व्हता."

काका चहा न घेता गेले. मामीला मात्र पुढं कितीतरी दिवस ती गाठ कुणालाच सुटली नाही याचा अभिमान पुरला.

मला वाटायचं, मामीला पाहायच्या राहिलेल्या गोष्टींचं काही वाटत नाही. तसं नव्हतं. उन्हाळ्यात तिच्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. काळा चष्मा निघाल्यावर एका सकाळी मी शाळेला निघाले होते, तर मामी ओट्यावर मेथी निवडत बसली होती. मला थांबवून म्हणाली, "बाई, एक इचारू? ती काचंची होडी आसती, तळाला काच, ती तुम्हाला म्हाईत हाय का?"

"ऐकलंय. खालचं दिसतं म्हणतात."

"आमची नात बसली व्हती तिच्यात. म्हणाली, आज्जी, खाली बाग हाय, आन् बागंत मासं." मामी मेथीच्या काड्या मोडत राहिली. मग तिनं आपला आवाज खाली आणायचा प्रयत्न केला, म्हणजे तो फक्त चार घरांपर्यंत गेला. "मला ती बघायचीय. आता डोळा नवा बसवलाय. नवा डोळा काय नुसता उसाचं पाणी बघाया बसवलाय का? सगळ्यांना सांगते जाऊन या, जाऊन या. लोक माघारी येऊन सांगत्यात, मामी, लई भारी. मी म्हणते, व्हय. मला काय म्हाईत भारी का काय." तिचे डोळे भरले. दोन्ही भरले, नवाही आणि जुनाही. "मरायच्या आधी येकदा त्या काचंतनं खाली बघायचंय."

मला इतकं वाईट वाटलं, की त्या दिवशी वर्गात मी गणिताच्या तासाला भूगोल शिकवला.

दिवाळीच्या सुट्टीत जायचं ठरलं. सुनीलला रजा नव्हती, म्हणून मामी, बिरूआप्पा, मी आणि शेजारची रजियाभाभी. रजियाभाभीचं गावात बांगड्यांचं दुकान. बाई इतकी बोलकी, की दुकानात एक बांगडी भरायला आलेली बाई दोन्ही हात भरून आणि तीन घरांच्या बातम्या घेऊन बाहेर पडायची. गावात मामीनं सांगितलं, "बाई आन् रजिया नव्या हायेत, त्यांना दावाया चाललेय." खरं कारण सगळ्या गावाला माहीत होतं. मामीनंच ते मला हळू आवाजात सांगितलं होतं ना.

दौंड स्टेशनवर पहिला वाडा पडला. मामीनं बॅगांचं रिंगण करवलं आणि स्वतः मध्ये बसली. गाडी चेन्नईला पोचेपर्यंत तिनं डोळ्याला डोळा लावला नाही. प्रत्येक स्टेशनला बर्थखाली हात घालून बॅगांना शिवून यायची. विमानात मात्र बसल्या बसल्या ती अशी गाढ झोपली, की खायला आलेलं रजियाभाभीनं तिच्या वाटणीचंही खाल्लं. उतरताना मी म्हटलं, "मामी, विमानात बरी झोप लागली तुम्हाला." तर म्हणाली, "त्या पोरीनं सांगितलं, सामान खाली पोटात हाय. म्हंजी आपून सामानावरच बसलोय की. आता काय काळजी."

बेटावर तिला सगळे ओळखत होते. अक्षरशः. एका धक्क्यावरचा नारळवाला तिला पाहून हसत पुढं आला, "अम्मा, फिर आया?" आणि आपणहून तिच्यासाठी खोकं झाडाखाली सरकवलं. एका बेटावर माणसाळलेली हरणं हिंडतात. पर्यटक त्यांना बिस्किटं दाखवून जवळ बोलावत होते आणि ती ढुंकून पाहत नव्हती. आम्ही भग्न इमारती पाहून परत आलो, तर मामी बॅगांपाशी बसलेली आणि तिच्याभोवती सगळा कळप. तिनं मेंढरांना घालतात तशी जिभेनं टक् टक् करत हाळी घातली होती, एवढंच. एक हरीण माझ्या बॅगेचा पट्टा चघळत होतं. मामीनं त्याचा कान धरून बाजूला केलं आणि म्हणाली, "ह्याला मीठ पायजेल. कुणी बघत न्हाई ह्यांच्याकडं." पर्यटकांनी इमारती सोडून मामीचे फोटो काढले.

हे सगळं ठीक होतं, पण दिवस चालले होते आणि मामी अजून सामानापाशीच होती. मी बसते म्हटलं, तर म्हणाली, "तुम्ही पुस्तक वाचता. पुस्तक वाचणाऱ्याच्या मांडीवरनं कोंबडी न्हेली तर कळत न्हाई." रजियाभाभी बसते म्हणाली, तर मामी म्हणाली, "तू बोलत बसशील आन् चोराला चहा पाजून लावशील." रजियाभाभीला हे पटलं. बिरूआप्पांबद्दल तर बोलायलाच नको. आप्पा टेकले की झोपायचे. उभ्या उभ्या काठीवर रेलून झोपायची कला मेंढरांमागं शिकलेली, आता काठीचीही गरज उरली नव्हती.

असं करत करत शेवटचा दिवस उजाडला. दुसऱ्या दिवशी सकाळी परतीचं विमान होतं. समोरच्या छोट्या बेटावर काचेच्या होड्या चालतात, तिथं आम्ही गेलो. होडी साधीच, वर निळी ताडपत्री, दोन्ही बाजूंना फळ्या आणि मध्ये तळाला काच. मामी वाळूत बॅगांवर हात ठेवून तिच्याकडं पाहत राहिली. देवळापर्यंत यावं आणि दार बंद असावं, तसा तिचा चेहरा झाला होता. आता मात्र मला राग आला. मी म्हटलं, "मामी, आज तुम्ही बसला नाहीत तर मीही बसणार नाही, भाभीही बसणार नाही, आणि गावात जाऊन मी सांगेन की मामीला काही माहीत नाही."

त्या धमकीनं काम केलं. आप्पांना बॅगांपाशी बसवलं, मामीनं त्यांना पाच वेळा बजावलं, आणि आम्ही तिघी होडीत चढलो. होडी हलली. मामीनं काचेकडं पाठ केली आणि किनाऱ्याकडं तोंड करून बसली.

"मामी, खाली बघा, निळे मासे आले," मी म्हटलं.

"बघते, बघते," मामी म्हणाली. नजर किनाऱ्यावर.

"मामी, कासव गेलं."

"जाऊ दे. आवं, त्यांची मान पडली." खरंच, आप्पांची मान छातीवर आली होती. तेवढ्यात एक कुत्रं बॅगा हुंगत आलं. मामी भर होडीत उभी राहिली. होडीवाला ओरडला, "अम्मा, बैठो, गिर जाएगा." मामीनं तोंडाभोवती हात धरून हाक मारली, "आवं, उठा की." डोंगरावरचा तो आवाज, आणि पाण्यावरून तर तो आणखी लांब जातो. किनाऱ्यावर झाडाखाली झोपलेले दुसरे चार-पाच जण उठून बसले. आप्पा सोडून.

होडी परत लागली. मामीनं समुद्राच्या तळाचं काहीही पाहिलं नव्हतं. ती तरातरा वाळू तुडवत गेली आणि आप्पांना हलवून जागं केलं. "एवढंसं काम सांगितलं व्हतं. अर्धी घटका बसाया झालं न्हाई का? कुत्रं बॅग घेऊन गेलं आसतं तर?"

आप्पा कमी बोलणारे. त्यांनी एक बॅग पुढं ओढली, चेन उघडली आणि एकेक वस्तू बाहेर काढून वाळूवर मांडायला लागले. "हे माझं धोतर. हितं कोण नेसंल? हे तुझ्या डोळ्याचं औषध. ही चटणी, रजियानं दिलेली, चोरानं खाल्ली तर चोरच बोंबलंल. ही तुझी शाल. हितल्या उकाड्यात शाल." रजियाभाभी हसायला लागली. आप्पा हसले नाहीत. ते मामीकडं बघून म्हणाले, "ठके, मी मेंढरामागं हिंडलो. घाट बघितलं, गावं बघितली, जत्रा बघितल्या. तू काय बघितलंस? पोती. मी कवा म्हणलो न्हाई की आज मी बसतो, तू जा. माझ्या ध्यानातच आलं न्हाई. आता म्हणतो. गेलं सामान तर जाऊ दे. तू जा."

मामीनं वाळूवरचं धोतर उचललं, झटकलं, घडी घातली, आणि ती घडी बॅगेत न ठेवता आप्पांच्या हातात दिली.

होडीवाला शेवटची फेरी म्हणून हाका मारत होता. ऊन उतरायला लागलं होतं. आम्ही पुन्हा चढलो. या वेळी मामी फळीवर बसलीच नाही, थेट खाली काचेशेजारी फतकल मारून बसली, पदर खोचला आणि वाकली. पाणी हिरवं होतं, मग निळं झालं, मग एकदम खाली पिवळ्या-जांभळ्या फांद्या उगवल्या, आणि त्या फांद्यांमधून पट्ट्यापट्ट्यांच्या माशांचा मोठा घोळका सरकत गेला. मामीनं काचेवर तळहात ठेवला.

"चरत्यात, बाई," ती शेवटी म्हणाली. आवाज इतका हळू, की मला वाकून ऐकावं लागलं. "कळपच हाय की. बघा, पुढचं वळलं की सगळी वळत्यात." थोड्या वेळानं म्हणाली, "आन् ह्यांच्या मागं कुणीच न्हाई."

होडी किनाऱ्याला लागली. लोक उतरले, आम्हीही उतरलो. मामी उतरली नाही. तिथं उथळ पाण्यातही काचेखाली काहीबाही हिंडत असावं, कारण तिचं डोकं तसंच खाली. "अम्मा, उतरो, बोट बंद," होडीवाला म्हणाला. मामीनं मान वर न करता त्याला हातानंच थांब म्हणून सांगितलं. तो आमच्याकडं पाहायला लागला. रजियाभाभीनं त्याला, ही कोण, कुठली, किती वर्षं कशाकशापाशी बसली, हे आपल्या घरच्या हिंदीत सुरुवातीपासून सांगायला घेतलं. त्यानं बहुधा ते थांबावं म्हणूनच मान्य केलं. होडी त्याला बेटाच्या दुसऱ्या टोकाला नेऊन बांधायची होती, तिकडून अम्माला चालत आणून सोडतो म्हणाला.

एवढ्यात माझ्या शेजारून पाण्याचा आवाज आला. बिरूआप्पा धोतर खोचून गुडघाभर पाण्यातून होडीकडं निघाले होते. होडीवाल्यानं हात देऊन त्यांना वर घेतलं. "काय दिसतंय गं?" आप्पांनी विचारलं. मामीनं बाजूला सरकून त्यांना जागा करून दिली. दोघांची डोकी काचेवर वाकली आणि होडी निघाली.

मी वळून पाहिलं. वाळूवर बॅगा एकट्याच होत्या, एकीचं तोंड उघडं, शाल बाहेर, चटणीचा डबा उघड्यावर, आणि लांबून तेच कुत्रं येत होतं. मी धावत गेले, शाल आत कोंबली, चेन लावली आणि बॅगांना टेकून बसले. समोर निळी ताडपत्री हळूहळू लांब जात होती. खाली मामी काय बघत होती, ते तिथून काहीच दिसत नव्हतं.